अनुभव धागा : शुद्धलेखन शाळेतून कुठे निसटलं आणि परत कसं बसवता येतं? (ठाणे–नवी मुंबई)

मंडळी, ठाणे आणि नवी मुंबईत मराठी शिकवणारे, वह्या तपासणारे, फलक छापणारे, मुद्रितं तपासणारे बरेच जण इथे आहेत. ‘हल्लीच्या मुलांना काही येत नाही’ हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. या धाग्यावर त्यापुढचं हवं आहे : नेमकी कुठली चूक होते, का होते आणि काय केल्यावर ती थांबते. आपल्या शाळेच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू, इथे फक्त कामाचं लिहा.

दुसरी_वेलांटी (माध्यमिक शिक्षिका, ठाणे)

आधी गुण कुठे जातात ते बघा. दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, ८० गुणांची. त्यात भाषाभ्यासाला १६. समास, शब्दसिद्धी, वाक्प्रचार, शब्दसंपत्ती, विरामचिन्हं हे सगळं या सोळात बसवायचं, आणि लेखननियमांच्या वाट्याला येतात २ गुण. त्यातही बरेचदा चार पर्यायांतून अचूक शब्द ओळखायचा असतो. समोर ‘निर्मीती, निर्मिती, नीर्मिती, निर्मीति’ ठेवले तर मूल बरोबर शब्दावर बोट ठेवतं आणि पुढच्याच पानावर निबंधात ‘निर्मीती’ लिहितं. ओळखणं ही एक सवय आहे, लिहिणं दुसरी. परीक्षेची तयारी पहिलीचीच होते.

उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत, खरी कसोटी तिथे लागायला हवी. पण परीक्षक आशय, मांडणी, पत्राचा आराखडा बघतो. वेलांटीसाठी गुण कापणारे हात आता फार कमी राहिले आहेत, आणि मुलांना हे पक्कं ठाऊक असतं.

२०१० पासून आलेल्या आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला, सगळे दोष देतात. माझं मत वेगळं आहे. श्रुतलेखन बंद करा असं त्यात कुठेही नव्हतं. प्रकल्प, उपक्रम, वर्णनात्मक नोंदी लिहिण्यात जो वेळ गेला, तो रोजच्या दहा मिनिटांच्या श्रुतलेखनातून काढला गेला. ती दहा मिनिटं वेळापत्रकात पुन्हा ठेवता येतात, त्यासाठी शासन निर्णय लागत नाही.

चाररेघी (प्राथमिक शिक्षिका, कळवा)

श्रुतलेखन सुरू करा हे ताईंचं म्हणणं मान्य, पण नुसतं सुरू करून भागत नाही. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ कानाला विश्वासानं कळत नाही. ‘कवी’ आणि ‘कवि’ म्हणून दाखवा, फरक ऐकू येणार नाही. मग शिक्षक काय करतात? ‘विळीऽऽ’ असं ताणून सांगतात किंवा सरळ ‘पहिली वेलांटी द्या’ म्हणतात. दोन्हींनी वही सुधारते, मूल सुधारत नाही. आपल्या लेखनाचे नियम साहित्य महामंडळाने केलेले आहेत : १९६२ साली १४ आणि १९७२ साली आणखी ४, मिळून १८. सगळे प्राथमिकला लागत नाहीत. चार पुरतात, पण क्रम चुकवायचा नाही.

पहिला नियम शेवटच्या अक्षराचा. शेवटची वेलांटी दुसरी, शेवटचा उकार दुसरा. पाणी, पिसू, कवी, गुरू, शक्ती. मराठीत याला ‘आणि’ व ‘नि’ एवढे दोनच अपवाद. ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखी शेवट ऱ्हस्व राहणारी संस्कृत अव्ययं थोडी मागाहून सांगावीत. हा नियम दोन आठवड्यांत पक्का होतो आणि वहीतल्या लाल खुणा डोळ्यांत भरेल इतक्या कमी होतात. मुलाला धीर येतो, म्हणून याच्यापासून सुरुवात.

दुसरा नियम उपान्त्य अक्षराचा, म्हणजे शेवटून दुसऱ्याचा. शेवटचं अक्षर अकारान्त, म्हणजे काना-वेलांटी-उकार-मात्रा नसलेलं, असेल तर त्याच्या आधीची वेलांटी-उकार दीर्घ : फूल, वीट, गरीब, बहीण. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर आधीचं ऱ्हस्व : किडा, सुरू, महिना, गरिबी. ‘गरीब’ आणि ‘गरिबी’ फळ्यावर खाली-वर लिहा, री आणि रि एकाखाली एक येतील असे. त्या दोन अक्षरांभोवती गोल काढला की अर्धा तास बोलायची गरज उरत नाही.

तिसरा नियम सामान्यरूपाचा. प्रत्यय लागला की उपान्त्य दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं : फूल–फुलाला, वकील–वकिलांनी, तूप–तुपात, जमीन–जमिनीवर. काही शब्दांत ते अक्षर अकारान्तच होतं : लाकूड–लाकडाचा, माणूस–माणसाला, बेरीज–बेरजेत. सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण पाठ्यपुस्तकाच्या मागच्या शब्दयादीत शब्द मूळ रूपात असतो आणि वाक्यात तो क्वचितच मूळ रूपात येतो. म्हणून चुकलेला शब्द दहादा लिहून घेऊ नका. तीन रूपांत एकेकदा लिहून घ्या : फूल, फुलाला, फुलांना.

चौथा टप्पा संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचा. वरचे दुसरा आणि तिसरा नियम यांना लागत नाहीत : गुण, विष, मंदिर, पंडित, नीती, भीती, शरीर–शरीराला, परीक्षा–परीक्षेला. कुठला शब्द संस्कृत हे मुलाला कळणार नाही, तशी अपेक्षाही नको. त्या इयत्तेच्या पुस्तकातले असे शब्द निवडून यादी करा आणि आठवड्याला पाच याप्रमाणे पाठच करून घ्या. पाठांतराला नाकं मुरडली जातात, पण इथे दुसरा मार्ग नाही.

रोजचं श्रुतलेखन आठ शब्द आणि दोन वाक्यांचं असावं. त्या आठवड्याचा नियम एकच. तपासणी मुलांनी स्वतः, वेगळ्या रंगाच्या पेनानं, फळ्यावर बघून करायची. शिक्षकानं सगळ्या वह्या शुक्रवारी एकदाच बघाव्यात.

खाडीकाठ (घणसोली)

आमच्या भागातल्या गावठाणांत घरात आगरी बोलली जाते. तिच्यात ण चा न होतो, ळ चा ल होतो, ड चा बरेचदा र होतो. पानी, काला, गारी. बोलीचा हा नियमच आहे, मूल ऐकलेलं इमानानं लिहितं. त्यावर ‘अशुद्ध’ असा शेरा मारला की ते वर्गात तोंड उघडायचं बंद करतं, आणि मग कुठलंच मराठी हाती लागत नाही.

उपाय जोड्यांचा. अर्थ बदलणाऱ्या जोड्या घ्या : वेल–वेळ, काल–काळ, गाल–गाळ, मन–मण. चित्रं दाखवून आधी फक्त ओळखायला लावा, मग म्हणायला, लिहायला सर्वांत शेवटी. ळ आणि ण म्हणताना जीभ मागे वळते, हे छोट्या आरशात दाखवता येतं. दोन आधार पुष्कळ उपयोगी पडतात : मराठी शब्दाची सुरुवात ळ ने किंवा ण ने होत नाही, आणि ‘करणे, जाणे, पोहणे’ अशा क्रियेच्या नावात शेवटी नेहमी ण असतो. एवढ्यानंच चुकांचा मोठा गठ्ठा निघून जातो. फळ्याचे दोन भाग करून एकीकडे ‘घरात’ आणि दुसरीकडे ‘पुस्तकात’ असे मथळे द्या. दोन्ही भागांत शब्द लिहिले गेले पाहिजेत, डावा भाग पुसायचा नाही.

सेक्टर_सतरा (मराठी शिक्षक, वाशी)

केंद्रीय बोर्डाच्या शाळांत २०२० च्या कायद्यानं मराठी सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण तास कमी, आणि मुलांनी देवनागरी आधी हिंदीतून शिकलेली. लिपी एक, नियम दोन, इथेच घोळ होतो. हिंदीत कवि, गुरु, शक्ति, नीति असं लिहितात, मराठीत कवी, गुरू, शक्ती, नीती. हिंदीत फूल चं ‘फूलों’ होतं, ऊकार हलत नाही, मराठीत ‘फुलांना’. हिंदीत ‘पुर’, मराठीत गावाच्या नावात ‘पूर’ : बेलापूर, बदलापूर. मूल दोन्ही रोज वाचतं आणि जे जास्त दिसतं ते लिहितं.

हिंदीच्या शिक्षकांशी बोलून अशा वीस-पंचवीस शब्दांचा तक्ता दोन रकान्यांत वर्गात लावावा. तक्ता दोन्ही विषयांच्या तासाला भिंतीवर राहिला तरच उपयोग.

सामान्यरूपासाठी आपल्या स्टेशनांची नावं हाताशी आहेत. मुलं ‘मुंब्रात’, ‘तुर्भेत’, ‘दिवात’ लिहितात. ठाणे–ठाण्यात, कळवा–कळव्यात, मुंब्रा–मुंब्र्यात, दिवा–दिव्यात, तुर्भे–तुर्भ्यात, सानपाडा–सानपाड्यात, कोपरखैरणे–कोपरखैरण्यात. ऐरोली, वाशी तशीच राहतात. बेलापूरला, पण बेलापुरात. लोकलच्या नकाशावर अख्खा धडा होतो.

खिळा_छापखाना (अक्षरजुळणी, ठाणे पश्चिम)

शाळेच्या वाटेवर मूल जे फलक वाचतं, तेही त्याचं पुस्तकच असतं. सध्या ठाण्यात सर्वांत जास्त चुकलेला दिसणारा शब्द ‘पुनर्विकास’ असावा. ‘पुर्नविकास’ असा तो गल्लोगल्ली टांगलेला आहे. फोड करा : पुनर् + विकास. र चा उच्चार न नंतर आणि वि च्या आधी, म्हणून रफार वि वर. ‘आशीर्वाद’ तसाच, रफार वा वर आणि शी दीर्घ.

दुसरा दोष संगणकाचा. ग्राहक व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवतो, तो जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये नेताना रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. फोटोशॉप, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी हा पर्याय निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे पडते आणि जोडाक्षर पाय मोडून सुटं दिसतं. छपाईआधी पीडीएफ काढून ती मोबाइलवर मोठी करून वाचावी. संगणकाच्या पडद्यावर सुटलेली चूक तिथे सापडते.

‘ऱ्या’ बद्दल विचारणा होते. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना जेवणाचं सांगायचं. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकात शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी ने पाय मोडायचा, मग य. साध्या र नं सुरुवात केली तर रफारच होणार.

टिंबटिंब (मुद्रितशोधक, डोंबिवली)

मोबाइलवर वाढलेल्या मुलांचा अनुस्वार सर्वांत आधी गेला आहे. ‘सगळ छान झाल’, ‘त्यानी सांगितल’. यावर दोन चाचण्या, पाचवीपासून पुढे कुणालाही जमतील.

एक : शेवटच्या अक्षरावर टिंबाऐवजी मात्रा देऊन बघा. ‘सगळे छान झाले’ चालतं, म्हणून ‘सगळं छान झालं’ ला टिंब हवंच. ‘मुलगा घरी आला, त्याच घर’ इथेही ‘त्याचे घर’ चालतं, म्हणून ‘त्याचं’.

दोन : ‘ने’ एकट्याचा, ‘नी’ अनेकांचा किंवा आदराचा. ने च्या आधी टिंब नाही, नी च्या आधी टिंब. मुलाने–मुलांनी, त्याने–त्यांनी, सरांनी. ‘त्यानी’ लिहिलेलं दिसलं की काहीतरी चुकलंच आहे.

@दुसरी_वेलांटी, ताई, मोठ्या वर्गांसाठी त्त्व ची फोडही घ्या. महत् + त्व, म्हणून महत्त्व; तत् + त्व, म्हणून तत्त्व. नेतृ + त्व मध्ये त् एकच, म्हणून नेतृत्व. व्यक्तिमत्त्वात क्ति ऱ्हस्व, कारण समासात पहिलं पद तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, असेल तर मूळचा ऱ्हस्व टिकतो : कविराज, गुरुदक्षिणा, मंत्रिमंडळ, विद्यार्थिगृह. सुटा शब्द मात्र कवी, गुरू, मंत्री.

दुसरी_वेलांटी

घेते. वह्यांबद्दल एक राहिलं होतं. साठ मुलांचे निबंध शब्द दुरुस्त करत तपासणं कुणालाच झेपत नाही, आणि आयती दुरुस्ती मुलं वाचतही नाहीत. चुकीच्या ओळीसमोर पानाच्या समासात फक्त खूण करावी : वेलांटीला ‘वे’, उकाराला ‘उ’, अनुस्वाराला ‘टिं’, सामान्यरूपाला ‘सा’, जोडाक्षराला ‘जो’. शब्दाखाली रेघ ओढायची नाही. त्या ओळीत चूक कुठे आहे ते मुलानं शोधायचं, वही परत मिळाल्यावर लगेच, वर्गातच, पाच मिनिटांत. घरी शोधून आणायला दिलं तर पालक शोधतात. एका निबंधात पाचांहून जास्त खुणा करू नका. वीस खुणांची वही मूल सरळ मिटून दप्तरात टाकतं. आणि जो नियम अजून शिकवलेला नाही, त्याच्या चुकीला त्या आठवड्यात हात लावू नका.