चेंडू हातात आणि धाव उलटी: तुमच्या आठवणी सांगा

मिनियापोलिसला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या अमेरिकन फुटबॉलच्या प्रश्नमंजूषेत विचारलं होतं: बचावातल्या खेळाडूने फंबल, म्हणजे हातून सुटलेला चेंडू, उचलला, कुणी आडवं न येता ६६ यार्ड धावला, एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, पोचला. गुण किती आणि कुणाला? मी छातीठोकपणे म्हणाले, टचडाउन, सहा. उत्तर होतं दोन, तेही समोरच्या संघाला.

तो खेळाडू जिम मार्शल. २५ ऑक्टोबर १९६४, सॅन फ्रान्सिस्कोचं केझार स्टेडियम, त्याचे वायकिंग्ज विरुद्ध तिथले फोर्टीनाइनर्स. फोर्टीनाइनर्सच्या बिली किल्मरच्या हातून चेंडू सुटला, मार्शलने उचलला आणि स्वतःच्याच एंड झोनकडे पळत सुटला. पोचल्यावर आनंदाने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. स्वतःच्याच एंड झोनमधून चेंडू असा बाहेर गेला की ती सेफ्टी, समोरच्यांना दोन गुण. फोर्टीनाइनर्सचा ब्रूस बॉस्ली येऊन पाठ थोपटून गेला!

पण त्याच सामन्यात मार्शलच्या धडकेने सुटलेला चेंडू त्याच्याच संघातल्या कार्ल एलरने टचडाउनपर्यंत नेला आणि वायकिंग्ज २७-२२ जिंकले. सलग २८२ सामने खेळलेल्या माणसाची ओळख एका धावेवर अडकून राहावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. असे जुने बचावाचे प्रसंग तुम्हाला कुठे, कसे भेटले ते लिहा. घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलंही चालेल.

बे एरियातून:
केझार गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यात आहे. जुनं स्टेडियम १९८९ मध्ये पाडलं, आता तिथे छोटं आहे. लेकाला घेऊन गेले होते. गवत ओलं, बूट चिखलाने भरलेले. ६६ यार्ड पावलांनी मोजले, ऐंशीच्या वर भरली. लेक म्हणाला, "आई, एवढ्या वेळात त्याला एकदाही शंका आली नसेल?" मला उत्तर देता आलं नाही.

न्यू जर्सीहून:
आमचे सासरे सत्तरच्या दशकात इथे आले. १९ नोव्हेंबर १९७८, न्यू यॉर्कचे जायंट्स फिलाडेल्फियाच्या ईगल्सविरुद्ध १७-१२ ने पुढे, जेमतेम अर्धं मिनिट उरलेलं. संपलंच म्हणून ते चहा टाकायला उठले. जायंट्सच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चाल सुरू करणाऱ्या पिसार्चिकने, चेंडू धरून नुसता गुडघा टेकवला असता तरी वेळ संपायला पुरे होतं. त्याऐवजी चेंडू सहकारी झोंकाकडे द्यायला गेला, तो निसटला, ईगल्सच्या हर्म एडवर्ड्सने उचलून २६ यार्ड धाव घेतली. १९-१७. सासरे आले तोवर चहा उतू गेलेला आणि सामनाही! त्यानंतर वेळ संपवताना क्वार्टरबॅकच्या बराच मागे एक माणूस उभा करायला लागले. अजूनही नातींना बोट दाखवून सांगतात, "तो बघ, एडवर्ड्ससाठी ठेवलेला राखणदार."

फिलाडेल्फियाजवळून:
इथे ईगल्सच्या बेडनारिकचं नाव काढलं की लोक २० नोव्हेंबर १९६० ची ती धडक सांगतात. जायंट्सचा फ्रँक गिफर्ड बेशुद्ध पडला आणि १९६१ चा अख्खा हंगाम खेळू शकला नाही. मी नर्स आहे, तो फोटो मला बघवत नाही. त्यापेक्षा त्याच वर्षीचा २६ डिसेंबरचा, ईगल्स-पॅकर्सचा अंतिम सामना सांगा ना. शेवटच्या खेळीत पॅकर्सचा जिम टेलर सुटला, बेडनारिकने त्याला एंड झोनच्या अलीकडे आठ-नऊ यार्डांवर लोळवलं आणि वेळ संपेपर्यंत उठूच दिलं नाही. ईगल्स १७-१३ जिंकले. पस्तिशीचा माणूस, आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळत होता.

पॅसाडिनाहून:
मार्शलच्या आधीचा उलटा धावलेला रॉय रीगल्स, १ जानेवारी १९२९, आमच्याच रोझ बोल स्टेडियममध्ये. त्याचा कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ एका गुणाने हरला, ८-७. रीगल्स मध्यंतरानंतर परत उतरला आणि त्याने पंट, म्हणजे समोरच्याने पायाने लांब मारलेला चेंडूही अडवला. धाकटीने शाळेच्या सॉकर सामन्यात स्वतःच्याच गोलात चेंडू मारला, त्या रात्री ती जेवेना. तिला हे सांगितलं. मार्शलची धाव झाल्यावर रीगल्सने त्याला पत्र पाठवलं होतं, तेही सांगितलं.
"काय लिहिलेलं?"
"ये, आता आपण दोघं."
थोड्या वेळाने तिने भात मागितला.