होंग सांग-सूचं रेट्रोस्पेक्टिव्ह: पुढचे सिनेमे बघू की पास मित्राला देऊ?

खिडकीजवळची_सीट:
महोत्सवात यंदा कोरियन दिग्दर्शक होंग सांग-सूच्या जुन्या-नव्या सिनेमांचा विभाग आहे म्हणून हौसेने पास काढला. कोरियन म्हटलं की माझ्या डोक्यात बोंग जून-हो नाहीतर पार्क चान-वूक यांचे थरारपट. इथे कुणी कुणाला मारत नाही, कुणी पळत नाही. एक दिग्दर्शक, एक बाई, टेबलावर सोजू या कोरियन दारूच्या हिरव्या बाटल्या आणि गप्पा. काल 'राइट नाऊ, राँग देन' (२०१५) बघितला. तासाभराने सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सुरू! तेच सुवॉन शहर, तोच राजवाडा, तीच चित्रकार मुलगी. शेजारचे काका "अहो, परत तेच लावलंय" म्हणत मागे ऑपरेटरच्या खिडकीकडे बघायला लागले. लोकार्नो महोत्सवात याला गोल्डन लेपर्ड, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, मिळालं होतं. टिंगल करत नाहीये, खरंच विचारतोय: यात बघायचं काय असतं?

रीळवाला:
काकांची पडद्यावरची मधली पाटी हुकली. पहिल्या भागाला 'राइट देन, राँग नाऊ' अशी पाटी आहे, दुसऱ्याला ती उलटी होते. आता त्या चित्रकार मुलीच्या स्टुडिओतला प्रसंग आठवा. पहिल्या वेळी हा दिग्दर्शक तिच्या चित्राचं तोंड भरून कौतुक करतो, आणि पुढे मैत्रिणीच्या कॅफेत कळतं की हीच वाक्यं तो मुलाखतींत स्वतःच्या सिनेमांबद्दल फेकत असतो. लग्न झाल्याचंही तिथेच दुसऱ्यांकडून बाहेर येतं. दुसऱ्या वेळी तो चित्राबद्दल रोखठोक बोलतो, ती भडकते. पण लग्नाचं तो स्वतःच सांगतो, दारू पिऊन रडतो, रस्त्यात सापडलेली अंगठी तिला देतो. माणूस तोच, नालायकपणाही फारसा कमी नाही. पण दुसऱ्या भागात ती त्याचा सिनेमा बघायला थिएटरात जाऊन बसते, आणि पहिल्यात तो प्रेक्षकांसमोरच्या चर्चेत सूत्रधारावर खेकसतो. एवढ्याशा फरकाने दिवस कुठल्या कुठे जातो.

होंगच्या कामाची पद्धतही अशीच आहे. संवाद तो शूटिंगच्या दिवशी सकाळी लिहितो. युनिट अगदी छोटं. 'इंट्रोडक्शन'पासून (२०२१) कॅमेराही स्वतःच धरतो. कॅमेरा दोघांना बाजूने धरून बसून राहतो आणि मधेच धसमुसळेपणाने झूम होतो. त्या झूमचा अर्थ शोधत बसू नका, मी बरीच वर्षं वाया घालवली आहेत.

एकटा सिनेमा बघितला तर तो बेतास बात वाटू शकतो. एकापाठोपाठ दोन बघा. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरने २०२२ मध्ये त्याचे सिनेमे जोड्या लावूनच दाखवले होते. तुमच्या वेळापत्रकात असतील तर 'इन अनदर कंट्री' (२०१२) आणि 'अ ट्रॅव्हलर्स नीड्स' (२०२४) लागोपाठ बघा. दोन्हीत फ्रेंच अभिनेत्री इझाबेल ह्युपेर. पहिल्यात ती ॲन नावाच्या तीन वेगवेगळ्या बायका होते, एकाच समुद्रकिनाऱ्यावर, आणि दीपगृह कुठंय हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. दुसऱ्यात ती सोलमध्ये पुस्तकाशिवाय फ्रेंच शिकवते आणि मक्कोली ही तांदळाची दारू ढोसते. पण दिवसाला दोनच. तिसऱ्याला कोण कुणाचा कोण, याचा गोंधळ उडतो.

तिखटमीठ:
सगळं मान्य, पण दारूडे दिग्दर्शक आणि त्यांच्यावर भाळणाऱ्या तरुण मुली, किती दिवस? एका मर्यादेनंतर ही स्वतःचीच टिमकी वाटते. झिंगलेला पुरुष रडला की प्रेक्षकाने त्याला माफ करायचं, असं कुठे लिहिलंय?

रीळवाला:
तक्रार रास्त आहे, आणि नव्वदीतले त्याचे सिनेमे बघताना मलाही हा कंटाळा येतो. पण 'द वुमन हू रॅन' (२०२०) बघा. नायिका (किम मिन-ही) तीन मैत्रिणींना भेटते, दोघींना घरी जाऊन आणि तिसरीला योगायोगाने. नवरा कामासाठी बाहेरगावी, आणि तिघींनाही ती तेच सांगते: पाच वर्षांत आम्ही एक दिवसही वेगळे राहिलो नाही. पहिल्यांदा ऐकताना गोड वाटतं. तिसऱ्यांदा ऐकताना पोटात कालवतं. पुरुष येतात ते बहुतेक पाठमोरे. एक शेजारी दाराशी येऊन सभ्यपणे भांडतो की भटक्या मांजरांना खाऊ घालू नका, माझी बायको घाबरते. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरचं भांडण जसंच्या तसं. तो गेल्यावर कॅमेरा मांजरावर झूम होतो. आमच्या शोला लोकांनी टाळ्या वाजवल्या. बर्लिनच्या महोत्सवात याच सिनेमासाठी त्याला दिग्दर्शनाचं सिल्व्हर बेअर मिळालं.

तिखटमीठ:
हा राहिलाय माझा. बघते. 'हिल ऑफ फ्रीडम' मात्र मला आवडला होता. एका बाईच्या हातून पत्रांचा गठ्ठा जिन्यावर पडतो, तारखा नाहीत, मग पानं जशी हाती येतील तशी ती वाचते आणि सिनेमाही त्याच क्रमाने चालतो. एक पान पायरीवर राहून जातं, ते तिच्या लक्षातच येत नाही. जेमतेम तासभराचा आहे, कंटाळायलाही वेळ मिळत नाही.

खिडकीजवळची_सीट:
आभार दोघांचे. चित्राच्या कौतुकाची ती वाक्यं मुलाखतीतली होती हे मला कळलंच नव्हतं, तेव्हा मी सबटायटल सोडून बाटल्या बघत होतो बहुतेक. शनिवारी 'द वुमन हू रॅन' संध्याकाळी आहे आणि त्याआधी त्याच स्क्रीनला 'हिल ऑफ फ्रीडम'. मधे वीस मिनिटं. बाहेर जाऊन पुन्हा रांग लावावी लागते का?

रीळवाला:
लागते. पहिला संपला की नामावली न बघता उठा. डबा सोबत ठेवा.