जुना लॅपटॉप दुसऱ्याला देण्यापूर्वी: पुसलेली माहिती खरोखर पुसली जाते का?

पैलतीर

नमस्कार. माझा सात वर्षांचा लॅपटॉप मी नात्यातील एका विद्यार्थिनीला देणार आहे. यंत्र अजून उत्तम चालते. तीन वर्षांपूर्वी त्यातील मूळची एक टेराबाइटची हार्ड डिस्क काढून मी तिच्या जागी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) बसवून घेतली, तेव्हापासून जुनी डिस्क कपाटात पडून आहे. आता याच निमित्ताने तीही कोणाला तरी उपयोगी पडावी, असा विचार आहे.

कपाटात ठेवण्यापूर्वी मी ती डिस्क फॉरमॅट केली होती, त्यामुळे ती कोरी आहे असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने सांगितले की, फॉरमॅट केलेल्या डिस्कवरूनही फायली परत मिळतात. ते खरे की खोटे हे पाहण्यासाठी मी फोटोरेक हा मोफत मिळणारा प्रोग्राम रात्री त्या डिस्कवर लावून ठेवला. सकाळी उठून पाहते, तर फोल्डरमागून फोल्डर तयार झालेले होते. फायलींची मूळ नावे गेली होती आणि त्यांच्या जागी नुसते क्रमांक होते, पण आतला मजकूर जसाच्या तसा होता. मी उघडलेली तिसरीच फाइल म्हणजे आईच्या पासपोर्टचे स्कॅन निघाले. त्याच्या पुढच्या काही फायली वडिलांच्या तपासण्यांचे अहवाल होत्या. ते पाहून मी खरोखर घाबरले.

हार्ड डिस्क खात्रीने कशी पुसावी, तीच पद्धत एसएसडीलाही चालते का, आणि एन्क्रिप्शनबद्दल (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा स्वरूपात माहिती साठवण्याबद्दल) जे ऐकू येते ते घरच्या वापरासाठी करण्यासारखे आहे का, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

रात्रपाळी

पुसण्याच्या पद्धतींबद्दल इतर लोक लिहितीलच. मी त्याआधीच्या कामांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण घाईत पुसून नंतर पस्तावलेले लोक मी नोकरीत बरेच पाहिले आहेत.

आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. क्लाउडवर आपोआप जुळत राहणारे फोल्डर म्हणजेही बॅकअप नव्हे, कारण इकडे एखादी फाइल पुसली गेली की थोड्याच वेळात ती तिकडूनही पुसली जाते. त्यानंतर ईमेल, ब्राउझर आणि इतर सर्व खात्यांतून लॉगआउट व्हा. दुसऱ्या यंत्रावरून त्या खात्यांमधील उपकरणांची यादी उघडून हा लॅपटॉप तिथूनही काढून टाका. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतील, तर ते दुसरीकडे सुरक्षित पोहोचले आहेत याची खात्री झाल्याशिवाय काहीही पुसू नका.

बिट्सवेडा

पैलतीर, आपण स्वतः तपासून पाहिलेत, हे फार चांगले केलेत. ही पायरी बहुतेक लोक गाळतात.

फाइल डिलीट केली तर काय होते, हे एकदा समजले की पुढचे सगळे सोपे जाते. फाइल सिस्टिम ही ग्रंथालयाच्या नोंदवहीसारखी असते: कोणती फाइल डिस्कवर कोणत्या जागी आहे, याची नोंद तिच्यात असते. डिलीट केल्यावर नोंदवहीत ती जागा मोकळी असल्याची खूण होते, पुस्तक मात्र फडताळावरच राहते. क्विक फॉरमॅटमध्ये तर जुनी वही बाजूला सारून नवी कोरी वही ठेवली जाते. फोटोरेक त्या वहीकडे पाहतच नाही. तो डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरील माहितीच्या सर्वांत लहान कप्प्यापासून) वाचत जातो आणि जेपीईजी, पीडीएफ अशा प्रकारांच्या सुरुवातीला येणाऱ्या ठरावीक बाइट्सवरून फायली ओळखतो. म्हणूनच आपल्याला मजकूर मिळाला, पण नावे मिळाली नाहीत.

यावर उपाय म्हणजे त्या जागांवर दुसरे काहीतरी लिहिणे. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट, म्हणजे 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून केलेला फॉरमॅट, संपूर्ण विभागावर (पार्टिशनवर) शून्ये लिहितो. एक्सपीपर्यंत तो फक्त खराब सेक्टर तपासत असे. आपली डिस्क एक टेराबाइटची आहे. सेकंदाला शंभर मेगाबाइटचा वेग धरला तर या कामाला तीन तासांच्या आसपास लागतील. डिस्कवर एकापेक्षा जास्त विभाग असतील तर प्रत्येकावर हे करावे लागेल. काम संपल्यावर फोटोरेक पुन्हा चालवा. त्याला काहीही सापडता कामा नये.

डिस्कवर पस्तीस वेळा लिहावे लागते, असे कोणी सांगितले तर घाबरू नका. तो आकडा संगणक-सुरक्षेचे संशोधक पीटर गटमन यांच्या १९९६ सालच्या शोधनिबंधातला आहे. त्या काळात वापरात असलेल्या निरनिराळ्या एन्कोडिंग पद्धतींच्या (माहिती डिस्कवर नोंदवण्याच्या पद्धतींच्या) डिस्क एकाच यादीत सामावून घेण्यासाठी तो काढलेला होता. एकाही डिस्कला ते सगळे पस्तीस फेरे लागू पडत नाहीत, असे त्यांनी स्वतःच नंतर त्या निबंधाला जोडलेल्या टिपणात स्पष्ट केले आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचे ८००-८८ हे मार्गदर्शक आहे. त्याच्या २०१४ सालच्या सुधारित आवृत्तीनुसार, चुंबकीय डिस्कवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, एकदा लिहिले की, प्रयोगशाळेतील साधनांनीसुद्धा जुनी माहिती परत मिळण्यास सहसा आळा बसतो. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. डिस्कने स्वतःहून बाद ठरवलेल्या सेक्टरांपर्यंत आपले लेखन पोहोचत नाही, पण घरच्या डिस्कच्या बाबतीत मी तेवढी जोखीम पत्करतो.

एसएसडीचे प्रकरण निराळे आहे आणि सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. एसएसडीतील फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये माहिती 'पान' नावाच्या लहान तुकड्यांत लिहिली जाते आणि लिहिलेल्या पानावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी पानांचा सबंध ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक ब्लॉक किती वेळा पुसता येईल यालाही मर्यादा असते. झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून एसएसडीमधला कंट्रोलर (तिचा कारभार पाहणारी चिप) नवे लेखन दरवेळी वेगळ्या जागी करतो. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिमला न दिसणारी काही राखीव जागाही तो स्वतःकडे ठेवतो. त्यामुळे एखाद्या फाइलवर शून्ये लिहा असे आपण सांगितले, तरी ती शून्ये भलत्याच ब्लॉकमध्ये जातात आणि जुनी प्रत कंट्रोलरला सवड होईपर्यंत तशीच राहते. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये हे एसएसडीमधल्या चिप थेट वाचून दाखवले. एकेक फाइल पुसण्याच्या सर्व प्रचलित पद्धती त्यांनी साटा जोडणीच्या एसएसडींवर तपासल्या, तेव्हा फायलींतील ४ ते ७५ टक्के मजकूर मागे उरला होता. त्याहून अस्वस्थ करणारा भाग पुढे आहे. तपासलेल्यांपैकी एका एसएसडीने स्वतःची अंगभूत पुसण्याची आज्ञा यशस्वी झाल्याचे कळवले, पण तिच्यावरील सगळी माहिती जशीच्या तशी होती.

ट्रिम नावाची आज्ञा या बाबतीत पुष्कळ मदत करते. विंडोजमध्ये ती विंडोज ७ पासून आहे. अमुक पाने आता निरुपयोगी झाली, असे ऑपरेटिंग सिस्टिम तिच्याद्वारे एसएसडीला कळवते, आणि त्यानंतर फोटोरेकसारख्या प्रोग्रामच्या हाती सहसा काही लागत नाही. पण आतले ब्लॉक नेमके कधी पुसले जातील याची हमी ट्रिम देत नाही. यूएसबीच्या बाह्य खोक्यात बसवलेल्या एसएसडीपर्यंत तर ती अनेकदा पोहोचतही नाही.

म्हणून आपल्या एसएसडीसाठी मी असे सुचवेन. आधी बिटलॉकर या विंडोजमधल्या एन्क्रिप्शनच्या सोयीने संपूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा. विचारणा झाल्यावर 'फक्त वापरलेली जागा' हा पर्याय न घेता 'संपूर्ण ड्राइव्ह' हा पर्याय घ्या. मग उत्पादकाच्या अधिकृत प्रोग्राममधून किंवा यूईएफआयच्या (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूमधून सिक्युअर इरेज, म्हणजे एसएसडीची अंगभूत पुसण्याची आज्ञा, चालवा. शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवा. एका उपायात खोट राहिली तरी दुसरा ती झाकतो, म्हणून मी दोन्ही एकत्र सांगतो आहे.

आता आपला शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरच्या वापरासाठी एन्क्रिप्शन केलेच पाहिजे, आणि तेही डिस्क नवी असताना, तिच्यावर पहिली फाइल ठेवण्याच्या आधी. तसे केले तर डिस्कवर उघड्या स्वरूपात कधी काही लिहिलेच जात नाही. नंतर किल्ली नष्ट केली की राखीव ब्लॉकमध्ये अडकलेल्या तुकड्यांसह सारे काही निरर्थक बाइट्स होऊन जाते. डिस्क मध्येच बंद पडली, तिच्यावर काही लिहिताच येईनासे झाले, लॅपटॉप चोरीला गेला, अशा प्रसंगी पुसण्याची संधीच मिळत नाही. तिथे आधी केलेले एन्क्रिप्शनच उपयोगी पडते. आजचे फोन फॅक्टरी रिसेट केल्यावर मिनिटाभरात साफ होतात ते याच तत्त्वावर, कारण तिथे साठवण मुळातच एन्क्रिप्ट केलेली असते आणि रिसेटमध्ये किल्ली टाकून दिली जाते. संगणकासाठी मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स आणि विंडोजवर बिटलॉकर आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत अनेक यंत्रांवर याच कामाची 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' ही सोय मिळते, आणि जिथे काहीच मिळत नाही तिथे व्हेराक्रिप्ट चालते.

साधासरळ

वरील माहिती उत्तम आहे, पण सामान्य माणसाने एवढा खटाटोप का करावा, हे मला मनापासून विचारावेसे वाटते. माझ्या संगणकावर लपवण्यासारखे काही नाही, आणि जुन्या डिस्कमधून माझ्यासारख्याचे फोटो उकरून काढायला कोण बसले आहे? फारच काळजी वाटत असेल तर डिस्कवर हातोडा मारून मोकळे व्हावे.

बिट्सवेडा

साधासरळ, आपला प्रश्न रास्त आहे, कारण बहुतेकांच्या मनात तोच असतो. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. पण पैलतीर यांना काय सापडले ते पुन्हा वाचावे, अशी विनंती आहे. त्या डिस्कवर त्यांच्या आईचा पासपोर्ट आणि वडिलांचे अहवाल होते. आपल्या संगणकावर आपल्याइतकेच इतरांचेही बरेच काही असते. भावंडांनी पाठवलेली कागदपत्रे असतात, मित्राचा छापून देण्यासाठी आलेला अर्ज असतो, कोणाच्या तरी लहान मुलांचे फोटो असतात. माझी माहिती उघडी पडली तर चालेल, असे मी माझ्यापुरते ठरवू शकतो, पण त्यांच्या वतीने तसे ठरवण्याचा अधिकार मला नाही.

उकरून काढायला कोण बसले आहे, याचेही उत्तर नोंदलेले आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील सिमसन गारफिंकल आणि अभि शेलात यांनी २००० ते २००२ या काळात वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १२९ डिस्क वाचता आल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. उरलेल्यांमध्ये क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून अधिक क्रमांक आणि वैद्यकीय पत्रव्यवहार होता. एक डिस्क तर एटीएममधून आलेली दिसत होती. त्यांच्याकडे साधा संगणक, विकत आणलेल्या डिस्क आणि चिकाटी होती. आज तर पैलतीर यांनी हेच काम कसलेही विशेष शिक्षण नसताना एका रात्रीत केले.

हातोड्याबद्दल सांगायचे तर बंद पडलेल्या डिस्कसाठी तो मार्ग ठीक आहे, मात्र एसएसडीमधली प्रत्येक मेमरी चिप फुटली पाहिजे, कारण नुसत्या वाकलेल्या सर्किट बोर्डवरच्या शाबूत चिप काढून वाचता येतात. इथे तर यंत्र आणि डिस्क दोन्ही चांगल्या स्थितीत आहेत, आणि त्या कोणाच्या तरी अभ्यासाला उपयोगी पडणार आहेत.

पैलतीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी सगळे केले. बॅकअप बाह्य डिस्कवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला. दोन वर्षांचे फोटो त्यात आलेच नसल्याचे तेव्हा लक्षात आले, कारण ते वेगळ्याच फोल्डरमध्ये होते. ते न पाहता मी पुढे गेले असते, तर ते कायमचे गेले असते. हार्ड डिस्कच्या पूर्ण फॉरमॅटला तीन तास दहा मिनिटे लागली. नंतर फोटोरेक शेवटपर्यंत चालू दिला. शून्य फायली. तो आकडा मी बराच वेळ पाहत बसले होते. एसएसडीसाठी आपण सांगितलेला क्रम पाळला आणि विंडोज नव्याने बसवले.

नव्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी बिटलॉकर सुरू केले. त्याने अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की (डिस्क अडून बसली तर ती उघडण्याची पर्यायी किल्ली) जपून ठेवायला सांगितले, तेव्हा मी प्रिंटचा पर्याय निवडून तिची पीडीएफ केली आणि ती डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये ठेवली. एवढे पुरेसे आहे ना?

रात्रपाळी

नाही, पुरेसे नाही. ती पीडीएफ त्याच एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर आहे. यूईएफआय अद्ययावत केल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज सुरू होण्याआधीच ती की मागितली जाऊ शकते, आणि त्या वेळी डॉक्युमेंट्स फोल्डर उघडणार नाही. की नसेल तर कोणताही तंत्रज्ञ ती डिस्क उघडून देऊ शकत नाही. बिटलॉकर की थेट त्याच ड्राइव्हवर साठवू देत नाही, पण प्रिंटच्या वाटेने पीडीएफ झाली की त्याला ते कळत नाही.

आज लॅपटॉप बंद करण्यापूर्वी ते अठ्ठेचाळीस अंक कागदावर उतरवा, सोबत स्क्रीनवर दिसणारा कीचा आयडी लिहा, आणि तो कागद महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. दुसरी प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, म्हणजे ती फोनवरूनही उघडता येईल. लिहून झाल्यावर सहा-सहा अंकांचे आठही गट स्क्रीनशी पुन्हा ताडून पाहा, आणि मगच ती पीडीएफ पुसा.

पैलतीर

आत्ताच उतरवून काढले. पाचव्या गटात दोन अंकांची अदलाबदल झाली होती, ती ताडून पाहताना सापडली.