ट्युटोरियल : शिकवणी, कवायत की तालीम?

मूळ प्रश्न

एका लहानशा मोबाइल गेमच्या मराठीकरणाचे काम सध्या माझ्याकडे आहे. गेम द्राक्षबागेचा आहे. वेल लावायचे, पाणी द्यायचे, छाटणी करायची आणि माल बाजारात पाठवायचा. नाशिकच्या माणसाला यात अडण्यासारखे काही नाही. 'खेळा', 'आवाज', 'बाहेर पडा' हे शब्द एका बैठकीत ठरले. 'ट्युटोरियल' म्हणजे नवख्याला गेम खेळायला शिकवणारा सुरुवातीचा भाग; त्याच्या बटणापाशी मात्र मी तीन आठवडे अडून बसलो आहे, आणि बटणात आठ अक्षरांहून अधिक मावत नाहीत.

आधी मी 'शिकवणी' लिहिले. भाच्याने ते वाचले आणि विचारले, "मामा, गेममध्येपण क्लास लावायचा का?" त्याचे चुकले नाही. कॉलेज रोडवरच्या पाट्या वाचत वाढलेल्या मुलाला शिकवणी म्हणजे फी भरून, संध्याकाळी, घरच्यांच्या आग्रहाखातर जाण्याची जागा. 'शिकवण' म्हणावे तर ती संतांची किंवा आजीची. 'शिक्षा' या शब्दाचा विनोद सर्वांनाच सुचतो, म्हणून तो मी करत नाही.

शब्द सापडत नसला की वस्तू नीट पाहावी, या हेतूने मी भाच्याला गेम खेळायला दिला. सुरुवातीलाच पडदा काळवंडतो, एक पांढरा हात अवतरतो आणि तो जिथे बोट दाखवील तेवढीच जागा दाबल्यास प्रतिसाद देते. मग एकामागून एक बारा चौकटी येतात. भाच्याने बाराही वेळा 'पुढे' दाबले आणि पडदा उजळताच पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठून द्यायचं?" ते चौथ्या चौकटीत सांगितलेले होते. अकराव्या चौकटीत गोडी (म्हणजे फळासाठीच्या) छाटणीचे सविस्तर वर्णन होते, आणि तोवर त्याने एकही वेल लावलेला नव्हता. ज्याला अजून प्रश्न पडलेला नाही त्याला उत्तर दिले तर ते त्याच्या हातात राहत नाही, एवढी साधी गोष्ट ही चौकटी लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेली नसावी.

नंतर सासऱ्यांनी फोन घेतला. ते सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि त्यांच्या हाताखाली कितीतरी उमेदवार लेथ शिकून गेले. सहाव्या चौकटीला त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "यात माझा हात कुठं बसतोय? त्याचंच बोट चाललंय." मला वाटते, चर्चेला खरे तोंड या वाक्याने फुटते. 'हात बसणे' हा मराठीतला वाक्प्रयोग कौशल्य डोक्यात शिरण्याविषयी बोलत नाही. तो कौशल्य हातात येऊन स्थिरावण्याविषयी बोलतो. त्या अर्थाला जवळचे, एका शब्दाचे नाम मला हवे आहे. आपली सूचना काय?

प्रतिसाद (गंगापूर रोडवरून)

'मार्गदर्शिका' हा शब्द रूढ आहे, मग तो का नको? मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांमुळे 'स्वयंअध्ययन' हा शब्दही आपल्याकडे परिचित आहे. विद्यार्थ्याशी थेट बोलणारी, शिक्षक समोर नसतानाही शिकता येईल अशी रचना, हेच ट्युटोरियलचेही काम नव्हे काय?

मूळ लेखक

'मार्गदर्शिका' ही वाचायची वस्तू आहे, आणि गेमच्या बाबतीत ती खरोखर अस्तित्वात होती. १९८० च्या दशकात गेमच्या खोक्यात छापील पुस्तिका मिळत असे. नियम, बटणे, शत्रूंची ओळख सगळे त्यात असे. पुढे ती पुस्तिका खोक्यातून नाहीशी झाली आणि तिचा मजकूर पडद्यावर चढला. आजच्या पुष्कळ वाईट ट्युटोरियलांचे मूळ मला इथेच दिसते, कारण ती ट्युटोरियले नसून चौकटींत कापलेल्या पुस्तिका आहेत. पुस्तिका हवी तेव्हा उघडता येत असे, नको तेव्हा मिटता येत असे. चौकटीला ती सोय नाही.

याउलट १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' पाहा. पहिल्याच पातळीत उजवीकडून एक शत्रू चालत येतो. काहीच न केल्यास खेळाडू मरतो, पण तेव्हा गमावण्यासारखे काही जमलेलेच नसते. म्हणून तो पुन्हा सुरू करतो आणि उडी मारून पाहतो. वर प्रश्नचिन्हाचा ठोकळा चमकत असतो. त्याला धडक दिली की अळंबी निघते, उजवीकडे सरकते, पाइपवर आपटून परत खेळाडूकडेच येते, आणि डोक्यावर ठोकळे असल्याने तिला चुकवणे कठीण जाते. शत्रूसारखी दिसणारी ही वस्तू अंगावर आली आणि आपण मोठे झालो, हे कोणी सांगावे लागत नाही. गेमचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी ही मांडणी विचारपूर्वक केली होती. इथे पडद्यावर शिकवणारा एकही शब्द नाही, तेव्हा 'मार्गदर्शिका' हे नाव त्याला कसे द्यावे?

'स्वयंअध्ययन' बटणात कसाबसा मावेल. खेळायला बसलेल्या माणसाला मात्र तो शब्द परीक्षेची आठवण करून देईल.

प्रतिसाद (एक निवृत्त शिक्षिका)

मी 'ओनामा' सुचवते. पूर्वी मुलाला अक्षरओळख करून देताना 'ओं नमः सिद्धम्' याने आरंभ होई, त्यावरून ओनामा. धुळपाटीवर गुरुजींनी काढून दिलेले अक्षर मूल बोटाने गिरवीत असे. आपण त्या पांढऱ्या हाताची चेष्टा केलीत. पण बोट धरून गिरवून घेणे ही आपल्याकडची जुनी आणि चांगली पद्धत आहे. नवख्याला आधार नको का?

मूळ लेखक

बाई, आधार हवाच, आणि चेष्टेचा सूर मी मागे घेतो. तरीही एक फरक नोंदवतो. धुळपाटीवर मुलाचे बोट घसरते, 'अ'चा काना वाकडा जातो, तो त्याला दिसतो, धूळ सारखी करून ते पुन्हा गिरवते. पडद्यावरच्या हाताखाली बोट घसरतच नाही, कारण चुकीची जागा दाबली तर काहीच घडत नाही. चुकण्याची मुभाच काढून घेतल्यावर उरते ते गिरवणे नव्हे, त्याला मराठीत 'पढवणे' म्हणतात. शिकवलेला साक्षीदार आणि पढवलेला पोपट या दोघांचीही उलटतपासणीत एकच गत होते; माझ्या भाच्याची पाण्याच्या बाबतीत झाली तीच. आणि 'ओनामा' हा आरंभाचे नाव सांगतो, कृतीचे नाही. खेळाच्या मध्यावर नवे अवजार मिळाले आणि ते शिकवायचे झाले, तर त्याला ओनामा म्हणता येणार नाही.

जाता जाता मूळ शब्दाविषयी. लॅटिनमधला 'ट्यूटर' म्हणजे सांभाळणारा, आणि रोमन कायद्यात तो वयात न आलेल्याचा पालक असे. आपल्या सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' लिहिलेले असते ना, त्या 'अज्ञान पालनकर्त्या'चाच हा भाऊबंद. शेतीच्या गेममध्ये खेळाडूला शेवटपर्यंत अज्ञान समजणारा हा पालनकर्ता जमीन काही केल्या त्याच्या नावावर करत नाही.

प्रतिसाद (त्र्यंबक रोडवरून)

मग 'कवायत' म्हणा. अरबी 'कवाइद' म्हणजे नियम, 'कायदा' या शब्दाचे अनेकवचन. नियमांचा अर्थ जाऊन आपल्याकडे हुकमाबरोबर हलण्याचा अर्थ आला. आमच्या बाजूला पोलीस अकादमी असल्याने हा शब्द कानांवर रोज पडतो. मात्र शिवी म्हणून तो वापरू नये, अशी विनंती. कवायतीचा हेतू अनेकांना एका हुकमावर एकत्र हलता यावे हा असतो, आणि त्या कामी ती उत्तम आहे. एकट्याने, स्वतःच्या मर्जीने खेळायच्या खेळात ती आणली म्हणजे बिघडते, आणि तो दोष कवायतीचा नव्हे.

मूळ लेखक

मान्य. वाईट ट्युटोरियलला 'कवायत' म्हणताना आपली अट सांभाळीन. कवायतीतली पुनरुक्ती मला विशेष बोचते. 'झेल्डा' मालिकेतल्या २०११ च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड' या गेममध्ये सोबतीण असलेली फाय खेळाडूला समोर दिसत असलेली गोष्ट पुन्हा समजावून सांगत असे, आणि गेम बंद करून पुन्हा सुरू केला की आधी कितीदातरी गोळा केलेल्या साध्या वस्तूचेही वर्णन नव्याने दाखवले जाई. चाहते यावर इतके वैतागले होते, की २०२१ मध्ये तोच गेम नव्या रूपात आला तेव्हा हा अडथळा मुद्दाम कमी केला गेला आणि त्या सुधारणेचे स्वागत झाले. कंटाळा हा किरकोळ परिणाम नव्हे. न वाचता 'पुढे' दाबण्याची सवय एकदा अंगवळणी पडली की खेळाडू पुढची आवश्यक सूचनाही त्याच सवयीने दाबून टाकतो.

प्रतिसाद

'कसरत' विसरलात. १९९९ चा 'ड्रायव्हर' ज्यांनी प्लेस्टेशनवर खेळला असेल त्यांना पार्किंगच्या तळघरातली ती पहिली पायरी आठवत असेल. साठ सेकंदांत खांबांमधून नागमोडी गाडी काढणे, जागच्या जागी गाडी फिरवणे, उलट जाताना वळवणे, अशी यादीच हातात ठेवलेली. हे कसे करायचे ते धड कोणी सांगत नाही. करून दाखवले नाही तर कथेला सुरुवात होत नाही. कितीतरी मुलांचा गेम त्या तळघरातच संपला. हिला शिकवणी म्हणणार की प्रवेश परीक्षा? शिवाय 'कसरत'चा मूळ अरबी अर्थ 'विपुलता', तेव्हा नवख्यावर एकदम लादलेल्या बारा गोष्टींनाही तो शोभतो.

मूळ लेखक

फार नेमके. एकीकडे खेळाडूला चुकूच न देणारी कवायत, दुसरीकडे त्याला चुकल्याबद्दल दाराबाहेर ठेवणारी कसरत. आपल्या नोंदीमुळेच मला तिसरा अरबी शब्द सुचला: 'तालीम'. 'इल्म' म्हणजे ज्ञान, त्याच धातूपासून 'तालीम' म्हणजे शिकवणे. 'मालूम' हाही त्याच घरातला. उर्दूत तालीम अजून वर्गात बसलेली आहे. मराठीत ती वर्गातून उठली आणि लाल मातीत उतरली, किंवा रंगभूमीवर गेली. कुस्तीचा आखाडाही तालीम, नाटकाची पूर्वतयारीही तालीम. दोन्ही ठिकाणी वस्ताद किंवा दिग्दर्शक समोर असतो, आणि दोन्ही ठिकाणी अंग पठ्ठ्याला किंवा नटालाच हलवावे लागते. तालमीत पडले तर माती मऊ असते. मारिओच्या पहिल्या शत्रूचे मर्म याहून वेगळे नाही.

हे केवळ माझे शब्दप्रेम नव्हे. 'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज' हा २००९ चा गेम रचणारे जॉर्ज फॅन यांनी २०१२ मध्ये गेमकारांच्या परिषदेत, आपल्या आईला हा गेम शेवटपर्यंत कसा खेळता आला, यावर भाषण दिले होते. एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त आठ शब्द असावेत, आणि वाचायला लावण्यापेक्षा करायला लावावे, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्याकडच्या चौथ्या चौकटीतले शब्द मी मोजले: एकतीस. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन गेम आणि ४५,००० हून अधिक खेळाडू घेऊन ट्युटोरियलांची तुलना प्रसिद्ध केली. प्रथिनांच्या घड्या घालण्याच्या 'फोल्डइट' या अवघड गेममध्ये ट्युटोरियलमुळे खेळण्याचा काळ २९ टक्क्यांपर्यंत वाढला. उरलेल्या दोन सोप्या गेममध्ये, जिथे करून पाहता पाहताच नियम कळतात, तिथे त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. द्राक्षबागेचा आमचा गेम या दुसऱ्या जातीचा आहे.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका)

'तालीम' अर्थाने बसतो, हे कबूल. पण जुन्या नाशकात आमच्या लहानपणी तालीम म्हणजे मुलींनी ज्या दारावरून खाली मान घालून जायचे ती जागा. आपला गेम मुली खेळणार नाहीत का? 'सराव' साधा आहे, कोणाला परका वाटत नाही.

मूळ लेखक

ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. 'सराव'विषयी माझी अडचण एवढीच की तो आधी शिकलेल्या गोष्टीचा असतो. न येणाऱ्या गोष्टीचा सराव करता येत नाही. भाचीला मुद्दाम विचारले. ती म्हणाली, "तालीम म्हणजे गॅदरिंगच्या नाटकाची ना?" तिच्या पिढीपुरते तरी ते दार उघडलेले दिसते. सासऱ्यांनी 'उमेदवारी' सुचवली होती. ती कामाच्या दृष्टीने सर्वांत खरी, पण निवडणुकीमुळे हातची गेली.

प्रतिसाद (गंगापूर रोडवरून)

मग बटणावर शेवटी काय छापले?

मूळ लेखक

काहीच नाही. ही चर्चा मी गेम करणाऱ्यांना वाचून दाखवली, आणि त्यांनी बारांपैकी नऊ चौकटी काढून टाकल्या. आता पहिला वेल थोडा सुकलेला दिसतो आणि शेजारी पाण्याची झारी ठेवलेली असते. छाटणीची कात्री वेल वाढल्यावरच हाती येते. चुकीच्या फांदीवर कात्री चालवली तर एक घड कमी लागतो, पण बाग मरत नाही. स्वतंत्र ट्युटोरियल उरले नाही, त्यामुळे बटणही गेले. सासऱ्यांनी काल दोन हंगाम काढले.

शब्द मात्र अजून लागणार आहे, कारण गेमच्या वर्णनात 'पहिली बाग तालमीची' असे लिहायचे ठरले आहे. मुद्रितशोधकांनी तिथे 'तालिमीची' अशी दुरुस्ती केली आहे. माझ्या मते सामान्यरूपात मधल्या 'ली'चा 'ल' होऊन 'तालमी' होते आणि 'तालमीत', 'तालमीची' हीच बोलण्यातली व लिहिण्यातली रूपे आहेत. जाणकारांनी खात्री करून द्यावी. मजकूर सोमवारी पाठवायचा आहे.