दवाखान्यातली सुई : तुमचे अनुभव लिहा

शहापूरची_लेक :
काल लेकाला ताप म्हणून दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी सिरिंजचं पाकीट समोरच टर्रकन फाडलं आणि मला आमच्या गल्लीतला दवाखाना आठवला. कंपाउंडर मामा स्टोव्हवर स्टीलच्या डब्यात काचेच्या सिरिंजा उकळत ठेवायचे. सुया चारपाचच. चिमट्यानं एक उचलायची, पाणी झटकायचं, टोचायची, परत डब्यात. सोमवारी गर्दी असली की उकळी फुटायच्या आत डबा उघडायचा. आम्ही बाकावर बसून बघत होतो, आई एक शब्द बोलायची नाही. कावीळसुद्धा अशा सुईतनं पसरते हे मला कॉलेजात कळलं. तुम्ही काय काय बघितलंय?

निपाणीकर :
विचारणार कोण? सुई नाही मारली तर आमची आजी पैसेच द्यायची नाही. विड्या वळायची, हजारामागं मजुरी, एक दिवस पडून राहिली की गेली मजुरी. डॉक्टर तरी काय करणार.

मीना_खानापूर :
डॉक्टर तरी काय करणार??? आईच्या गुडघ्यांना एकानं पुडीत बांधून पांढऱ्या गोळ्या दिल्या, नाव नाही काही नाही. आठ दिवसांत तुरुतुरु चालायला लागली, सगळ्या शेजारणी त्याच्याकडं. सहा महिन्यांनी तोंड सुजून गोल, साखर वाढलेली. मिरजेला नेलं तर म्हणाले स्टिरॉइड. ते एकदम बंदही करता येत नाही, थोडं थोडं कमी करत आणावं लागतं. अजून कागदाची पुडी बघितली की डोकं फिरतं माझं.

निपाणीकर :
चुकलं ओ ताई. बऱ्या आहेत का आता?

मीना_खानापूर :
काठी घेऊन फिरते. सुनेवर तोंडही चालू आहे.

काय_गा_मर्दा :
ते गुलाबी औषध आठवतंय का कुणाला? बाटली घरनं न्यायची, वर खाचा पाडलेली कागदाची पट्टी, एक खाच एक डोस. आईनं खोबरेलची बाटली धुऊन दिलेली. खोकला राहिला तसाच, केस मात्र दाट झाले 😂

अनगोळकर :
फोनवरनं लिहूलोय, सांभाळून घ्या. बाळाच्या लसीचं कार्ड कन्नडात, बायकोला वाचता येईना. आशाताईंनी मागं पेनानं मराठीत तारीख लिहून दिली. तेवढं पुरे झालं बघा.

चिकोडीचा_वकील :
कर्नाटकात खासगी दवाखान्याला 2007 च्या कायद्यानं नोंदणी लागते. सर्टिफिकेट दिसेल असं लावायचं असतं, जाल तेव्हा बघत जा. आमच्या डॉक्टरांनी लावलंय. वर कॅलेंडर टांगलंय.

काय_गा_मर्दा :
कॅलेंडर मराठी की कन्नड? 😄

शहापूरची_लेक :
ए, इथं भाषेचा वाद नको 🙏 लेकाचा ताप उतरला. सुई कसली ते विचारलं मी. डॉक्टरांनी आधी चष्म्यावरनं बघितलं, मग सांगितलं.

चिकोडीचा_वकील :
मराठी. एकादशी कधी ते डॉक्टरच सांगतात.