अलाइनमेंटआधी रिम आतून बघा
गाडी ताशी ९० किमीच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरतं, म्हणून तुम्ही अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतलीत असं लिहिलंत. पण अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर तिरके झिजतात. ठरावीक वेगाला येणारी थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याची असते. स्टिअरिंगला जाणवली तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली जाणवली तर मागची. माझ्या गाडीत रिमच्या आतल्या बाजूला पावसाळ्यातला चिखल वाळून बसला होता. तो खरवडून धुतला आणि थरथर गेली, रिमला बॅलन्सिंगची वजनं लावायची वेळच आली नाही! थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकची डिस्क तपासा, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट. आणि टायरला फुगवटा दिसला तर कृपया त्यावर हायवेला जाऊ नका.