कायोटीचा 'कॉल': हाक, साद की पिपाणी?

रानवाटा: अमेरिकेतल्या कायोटीच्या (कोल्ह्यासारखा दिसणारा रानटी प्राणी) शिकारीवरचा मजकूर मराठीत करते आहे. 'कॉल' कधी वस्तू असतो, कधी आवाज, कधी क्रिया. सगळीकडे 'हाक' चालेल का? आणि कायोटीला कोल्हा म्हणावं का?

जुनीबोली: 'हाक' टाळा. आपल्याकडच्या जुन्या शिकारीत 'हाका' म्हणजे डबे-ढोल बडवत रान उठवून जनावर बंदुकीसमोर हुसकणं. इथे नेमकं उलट आहे: शिकारी दबून बसतो आणि नकली आवाज ऐकून जनावर आपणहून येतं. आवाजाला 'साद' लिहा, क्रियेला 'साद घालणं'. कायोटी मात्र कायोटीच ठेवा. कोल्हा वेगळी जात, खोकड आणखी वेगळं.

पत्तीवाला: वस्तूला 'पिपाणी' शोभतं, आत थरथरून आवाज काढणारी पत्तीच (रीड) असते. उघड्या पत्तीच्या पिपाणीत प्लास्टिकच्या पन्हळीवर मायलारची (चिवट प्लास्टिकची) पातळ पत्ती बसवलेली असते. तिच्यावर ओठ किंवा दात दाबून फुंकायचं. टोकाशी दाबलं की थरथरणारा भाग आखूड राहतो, सूर चढतो. बुडाकडे सरकलं की उतरतो. त्यामुळे सशाची किंचाळी आणि कायोटीची कुई एकाच पिपाणीतून काढता येते. पण हात बसायला वेळ लागतो. नवखा माणूस करकचून चावतो, पत्ती पन्हळीला चिकटते आणि आवाजच बंद होतो.

बंद पत्तीची नुसती फुंकायची. सूर ठरलेला, पुढच्या तोंडाशी तळहाताची उघडझाप करून थोडा बदलतो. कडाक्याच्या थंडीत श्वासाचा ओलावा आत गोठून ती मुकी होते, म्हणून हिवाळ्यात शिकारी ती कोटाच्या आत ठेवतात. तिसरा प्रकार टाळूला लावायचा: घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चौकटीत लॅटेक्सचा पडदा. दोन्ही हात बंदुकीला मोकळे राहतात. याला पिपाणी म्हणवत नाही, 'टाळूपडदा' म्हणा.

रानवाटा: 'डिस्ट्रेस'ला, म्हणजे संकटातल्या सावजाच्या आवाजाला, 'आर्त साद' आणि 'हाउल'ला 'कोल्हेकुई' लिहिलंय.

जुनीबोली: 'आर्त' फार कवितेतलं झालं. सरळ 'सशाची किंचाळी'. मूळ मजकुरात कॉटनटेल आहे की जॅकरॅबिट तेही पाहा. मराठीत दोघेही ससेच, पण पहिल्याची किंचाळी बारीक, दुसऱ्याची घोगरी, भरड. 'कोल्हेकुई' वाचली की वाचकाला रिकामी ओरड आठवते, म्हणून नुसतं 'कुई'. जानेवारी ते मार्च हा जोडीचा काळ, तेव्हा 'एकट्याची कुई' चालते. भुंकत दिलेली 'आव्हानाची कुई' वेगळी. ती ऐकून बुजरं जनावर माघारी फिरतं. पिल्लं झाल्यावर 'पिल्लाचं केकाटणं' ऐकून आईबाप धावत येतात.

रानवाटा: आणि 'डाउनविंड'?

पत्तीवाला: एका शब्दात कोंबू नका, 'आपला वास वाहतो ती बाजू' लिहा. कायोटी सरळ येत नाही. वास घ्यायला वळसा घालून त्याच बाजूने येतो. म्हणून ती बाजू नजरेच्या टप्प्यात मोकळी हवी. पहिली साद हळू, कारण जनावर जवळच असलं तर मोठ्या आवाजाने बुजतं. मग थांबून थांबून, एका जागी पंधरा-वीस मिनिटं. शेवटी जनावर अडून उभं राहिलंच तर उंदराची 'चींचीं'. मूळ मजकुरात तिथे 'स्क्वीक' असेल.